बाळंतपण झालं, बीपी गेलं?

"बाळंतपण झालं की बीपी आपोआप जातं. ते पोटातल्या पोराचं असतं, बाईचं नसतं."

मंचरमधला गट असो की आहुप्याकडची एखादी वाडी, जुन्नर शहरातली कॉलनी असो की आपटाळ्याच्या पुढचा डोंगरपट्टा, हे वाक्य मी बचत गटांच्या बैठकांत इतक्या वेळा ऐकलं आहे की आता मी लगेच पुढचा प्रश्न विचारते. "बरं, मग बाळ झाल्यावर शेवटचं कधी मोजलं होतं?" यावर बहुतेक वेळा नुसतं हसू येतं. कोण मोजतंय! बाळाचे डोस असतात, बाळाचं वजन असतं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि सव्वा महिना झाला की ती पुन्हा चुलीपाशी, नाहीतर वावरात. तिचं काय मोजायचं?

गंमत अशी की या वाक्यात निम्मं खरं आहे. गरोदरपणात, विसाव्या आठवड्यानंतर वाढलेला रक्तदाब बहुतेक जणींचा बाळंतपणानंतर काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत खाली येतो. पण उरलेलं निम्मं आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही. तो रक्तदाब त्या बाईच्या हृदयाबद्दल, तिच्या रक्तवाहिन्यांबद्दल काहीतरी सांगून गेलेला असतो. आणि आता तर असं दिसतंय की तो वाढण्याच्या कितीतरी आठवडे आधीच तिचं रक्त ते सांगायला लागलेलं असतं.

आमच्या ओळखीतली एक बाई आहे, आंबेगाव तालुक्यातली. नाव नको. पहिल्या खेपेला बावीस वर्षांची होती. आठव्या महिन्यात तोंडावर सूज आली, डोकं दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं तर बीपी खूप वाढलेलं. लवकर बाळंतपण करावं लागलं, मुलगी पावणेदोन किलोची झाली. मुलगी जगली, आता कॉलेजला जाते. दुसरं बाळंतपण नीट झालं, म्हणून सगळेच निर्धास्त. पुढची पंधरा वर्षं कोणी तिच्या दंडाला पट्टा बांधला नाही. सदतिसाव्या वर्षी टोमॅटोची तोडणी चालू असताना हातातलं क्रेट खाली पडलं आणि तिच्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात बीपी मोजलं तेव्हा वरचा आकडा दोनशेच्या पुढे होता. "हे कधीपासून आहे?" असं डॉक्टरांनी विचारलं तर घरातल्या कोणालाच सांगता येईना. एकीच्या गोष्टीवरून कारण सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण पंधरा वर्षांत वर्षातून एकदा जरी मोजलं असतं तर निदान ते वाढलंय हे तरी कळलं असतं.

मी डॉक्टर नाही, कला शाखेची पदवीधर आहे. त्यामुळे हे सगळं मला आधी स्वतःला समजून घ्यावं लागलं. त्यासाठी मला आपल्या कालव्याचा उपयोग झाला.

डिंभ्याच्या कालव्याला पाणी सुटलं की काय होतं हे इकडच्या बायकांना सांगावं लागत नाही. चारी रुंद आणि साफ असेल तर टेलच्या वावरापर्यंत पाणी पोचतं. चारी अरुंद राहिली तर टेलवाल्याची ओरड सुरू होते. गर्भाशयात वार रुजते तेव्हा पहिल्या चार-साडेचार महिन्यांत आईच्या तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद आणि सैल व्हायच्या असतात. म्हणजे चारी मोठी करून घ्यायची असते. काही जणींमध्ये हे काम अर्धवट राहतं. वारेला रक्त कमी पडतं आणि मग ओरड सुरू होते.

ही ओरड रक्तात ऐकू येते. वार दोन तऱ्हेचे पदार्थ आईच्या रक्तात सोडत असते. एक पीएलजीएफ. हा चांगला. तो रक्तवाहिन्या वाढवतो, त्यांना नीट ठेवतो. दुसरा एस-एफएलटी-वन. हा पहिल्याला धरून ठेवतो, त्याला काम करू देत नाही. निरोगी गरोदरपणातही दोन्ही असतात, पण त्यांचं प्रमाण सांभाळलेलं असतं. वारेला रक्त कमी पडलं की दुसरा फार वाढतो आणि पहिला घटतो. मग फक्त गर्भाशयातल्या नाही, आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या आखडायला लागतात. दाब वाढतो, मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रथिनं जायला लागतात, यकृताला सूज येते आणि फारच झालं तर झटके येतात. याला डॉक्टर प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात, झटके आले की एक्लॅम्पसिया. शंभरातल्या दोन ते आठ गरोदर बायकांना हा त्रास होतो असं जगभराचं गणित सांगतं.

एस-एफएलटी-वनचा हा उपद्व्याप २००३ मध्ये अमेरिकेत बोस्टनला उघड झाला. भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची यांच्या गटाने तो शोधला. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, आणखी महत्त्वाची गोष्ट छापून आली. बाईचं बीपी वाढण्याच्या, लघवीत प्रथिनं दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी रक्तातलं हे प्रमाण बिघडलेलं असतं. म्हणजे पट्ट्याला जे आज कळतं ते रक्ताला महिनाभर आधी ठाऊक होतं!

त्यानंतर यावर बरंच काम झालं. २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यात या दोन पदार्थांचा भागाकार करून आकडा काढला होता. संशय असलेल्या बाईचा हा आकडा ३८ किंवा त्याहून कमी आला, तर पुढच्या आठवडाभरात तिला हा आजार होणार नाही असं जवळजवळ खात्रीने सांगता येतं. हे वाचताना मला आपल्याकडचीच बाई डोळ्यासमोर आली. पाय सुजलेत, बीपी काठावर आहे, डॉक्टर म्हणतात पुण्याला न्या. घरात गाडीचे पैसे जमवायचे, धाकट्याला कोणाकडे ठेवायचं, गोठ्यातल्या गाईची धार कोण काढणार? अशा बाईला "आठवडाभर घाबरू नका, पुढच्या सोमवारी परत या" असं खात्रीने सांगता आलं तर ते केवढं आहे! आकडा मोठा आला तर मात्र आजार होणारच असं तितक्या खात्रीने सांगता येत नाही, पण जास्त जपायला हवं हे कळतं. इंग्लंडच्या आरोग्य सेवेने अशा तपासण्या वापरायला घेतल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये परवानगी दिली.

पण माझ्या मते आपल्या कामाची खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे, म्हणजे तिसऱ्या महिन्यातली.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान बाईचं वय, वजन, आधीच्या बाळंतपणांची हकीकत, बीपी, सोनोग्राफीत दिसणारा गर्भाशयाच्या रक्तवाहिनीतला प्रवाह आणि रक्तातलं पीएलजीएफ हे सगळं एकत्र मांडलं, तर कोणाला पुढे धोका जास्त आहे याचा अंदाज काढता येतो. मंचर-नारायणगावच्या बायकांना "डबल मार्कर" हा शब्द आता माहीत झाला आहे. तिसऱ्या महिन्यातली ती रक्ततपासणी बाळातले काही जन्मजात दोष शोधण्यासाठी असते. त्याच सुमारास आईसाठीचीही तपासणी करता येते, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

आणि अंदाज काढून करायचं काय? तर त्यावर उपाय आहे, तोही स्वस्त. २०१७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात धोका जास्त असलेल्या १,७७६ बायका होत्या. निम्म्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. लवकर बाळंतपण करावं लागेल असा गंभीर त्रास खोट्या गोळीवाल्यांत शंभरी ४.३ जणींना झाला, अ‍ॅस्पिरिनवाल्यांत १.६ जणींना. म्हणजे निम्म्याहून कमी! जागतिक आरोग्य संघटना तर २०११ पासूनच धोका जास्त असलेल्यांना कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन लवकर सुरू करा असं सांगते आहे. (कृपा करून कोणी हे वाचून मेडिकलमधून गोळी आणू नये. कोणाला द्यायची, किती द्यायची, कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतात. ती सगळ्यांसाठी नाही.)

आता यात मेख कुठे आहे, ते बघा. ही गोळी लवकर, शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर तिचा खरा उपयोग. आणि आपल्याकडे तीन महिने कोणाला सांगायचंच नाही! दृष्ट लागते, टिकेल न टिकेल, चारचौघांत कशाला बोभाटा. माझी स्वतःची आईसुद्धा असंच म्हणायची. एका वाडीत सुनेचा चौथा सरत आला तरी नोंद नव्हती. मी सासूबाईंना म्हटलं, "मावशी, आशाताईला तरी सांगायचं होतंत." तर म्हणाल्या, "अवो ताई, तिला सांगितलं म्हंजी गावाला सांगितलं की!" त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. छोट्या गावात गोष्ट राहत नाही. पण गावाला न सांगणं आणि आशाताईला, नर्सबाईंना न सांगणं यात फरक करायला हवा. दारावर तोरण बांधायचं तेव्हा बांधा, बारशाला पेढे वाटायचे तेव्हा वाटा. नाव नोंदवणं मात्र पाळी चुकली की दोन-तीन आठवड्यांत. पहिली भेट बाराव्या आठवड्याच्या आत व्हायला हवी हे सरकारी नियमातही आहे.

हा सगळा विषय परदेशातला वाटत असेल, तर तसं नाही. पुण्यात भारती विद्यापीठाच्या 'इर्शा' या संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं याच आजारावर काम करत आहेत. गरोदरपणाच्या सुरुवातीपासून बाळंतपणापर्यंत ठरावीक टप्प्यांवर आपल्या बायकांचं रक्त तपासून त्यात काय काय बदलत जातं, हे त्यांनी पाहिलं. या पीएलजीएफ आणि एस-एफएलटी-वन मंडळींबरोबर त्यांनी बी-१२ जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ नावाच्या स्निग्ध पदार्थाकडेही लक्ष दिलं. हे मला फार पटलं. युरोपातल्या बायकांवर काढलेला अंदाज चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या, हिमोग्लोबिन कमी असलेल्या, आठवड्यातले चार दिवस उपवास धरणाऱ्या आपल्या बाईला तसाच्या तसा कसा लागू पडेल?

केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा अभ्यास तर पुण्याजवळच्या सहा गावांतला आहे. १९९३ मध्ये सुरू झाला. आपल्यासारख्याच शेतकरी घरातल्या बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण बारीक दिसणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र टिकून होतं! निम्म्याहून जास्त आयांच्या रक्तात बी-१२ कमी सापडलं. ते कमी असलं की होमोसिस्टीन नावाचा पदार्थ रक्तात वाढतो, आणि ज्या आयांचं होमोसिस्टीन जास्त त्यांची बाळं लहान, असंही दिसलं. ती बाळं आता तिशीत आहेत आणि त्यांच्यावरचा अभ्यास पुढे चालू राहिला. पोटातल्या नऊ महिन्यांचा हिशेब मधुमेहापर्यंत आणि हृदयापर्यंत जातो, हे सांगणाऱ्या जगातल्या नावाजलेल्या अभ्यासांत आपल्या जिल्ह्यातल्या या गावांचा समावेश आहे.

ओमेगा-३ म्हटलं की आमच्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, "म्हणजे जवसाची चटणी!" हो, जवसात ते असतं. चटणी जरूर खा, चांगलीच असते. पण जवस खाल्ला की बीपी वाढत नाही असं कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि मला घरगुती उपायांची टूम काढायची नाही.

आता प्रश्न येतो की आपल्या दोन तालुक्यांत यातलं काय मिळतं? ही नवी रक्ततपासणी मोठ्या खासगी लॅबमार्फत होते. खर्च हजारांत जातो. ग्रामीण रुग्णालयाच्या नेहमीच्या तपासण्यांत ती नाही. ज्यांना परवडतं आणि ज्यांना धोका जास्त आहे, म्हणजे आधीच्या खेपेला बीपी वाढलेलं, जुळी, आधीपासून बीपी किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, आई-बहिणीला हाच त्रास झालेला, त्यांनी तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांना सरळ विचारावं, "माझ्या बीपीचा धोका आधी कळेल अशी तपासणी करायची का?" विचारायला पैसे पडत नाहीत. काही डॉक्टरांना बायकांनी विचारलेलं आवडत नाही, हे मला माहीत आहे. तरी विचारा.

ज्यांना परवडत नाही त्यांनी हताश व्हायचं कारण नाही. वर जी यादी दिली ती सगळी तोंडी विचारून कळते, सुईसुद्धा लागत नाही. तेवढ्यावरसुद्धा डॉक्टर अ‍ॅस्पिरिनचा निर्णय घेऊ शकतात. बीपीचा पट्टा आणि लघवीत बुडवायची पट्टी उपकेंद्रात असते. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, मोफत. घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव इथे ग्रामीण रुग्णालयं आहेत, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात त्या "हाडांसाठी" म्हणून बऱ्याच जणी कपाटात टाकतात. पण ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी त्यांच्यात त्या गोळ्या बीपीचा हा आजारही कमी करतात. चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन, जेवणाबरोबर. लोहाची गोळी मात्र त्याच वेळी घ्यायची नाही, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

डोंगरपट्ट्यातली अडचण वेगळी. हिरडा गोळा करायच्या दिवसांत बाई पोटुशी असली तरी रानात जाते, कारण हातात रोख पैसा येण्याचे दिवस तेवढेच. त्या आठवड्यात नऊ तारीख आली तर ती दवाखान्यात येणार नाही. मग पावसाळा लागतो आणि एसटीचा भरवसा राहत नाही. अशा ठिकाणी रक्ताची नळी पुण्याला पाठवून अहवाल मागवण्यापेक्षा नर्सबाईंनी वाडीवर येऊन बीपी मोजणं जास्त मोलाचं आहे. बोटातल्या थेंबावर, जागच्या जागी होणारी तपासणी निघाली तर ती आधी आहुप्याला यावी, मग पुण्याला, असं माझं मत आहे.

काही खुणा तर घरातल्या सगळ्यांना, विशेषतः सासूबाईंना आणि नवऱ्याला पाठ हव्यात. गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे किंवा अंधारी, पोटात वरच्या बाजूला बरगडीखाली दुखणं, तोंडावर आणि हातावर एकाएकी आलेली सूज, लघवी कमी होणं. पायावर थोडी सूज पुष्कळ जणींना येते, पण बांगडी चढेना, अंगठी निघेना असं झालं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा. झटके आलेल्या किंवा येऊ घातलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. ते जुनं आणि स्वस्त आहे, पण जीव वाचवतं. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी आपल्या बायकांच्या लहान अंगकाठीला मानवेल अशी त्याची कमी मात्रा वापरून पाहिली आणि २००३ मध्ये त्यावर लिहिलं. परदेशी मापाचा कपडा आपल्या बाईला बेतून घेण्याचं हे काम मराठी मुलखात झालं, याचा मला अभिमान वाटतो.

आता सुरुवातीच्या त्या वाक्याकडे वळते.

२००७ मध्ये सुमारे पस्तीस लाख बायकांच्या नोंदी एकत्र करून एक हिशेब मांडला गेला. ज्यांना गरोदरपणात प्री-एक्लॅम्पसिया झाला होता, त्यांना पुढच्या आयुष्यात कायमचा रक्तदाब होण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास चौपट निघालं. हृदयविकाराचं प्रमाण दुपटीहून थोडं जास्त आणि लकव्याचं पावणेदोन पटीच्या वर. तेही म्हातारपणी नव्हे, दहा-पंधरा वर्षांत. मूल शाळेतून कॉलेजात जाईपर्यंतच्या काळात. २०११ मध्ये अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने बायकांच्या हृदयविकाराच्या धोक्यांच्या यादीत गरोदरपणातल्या या आजाराचं आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं नाव घातलं. म्हणजे हृदयरोगतज्ज्ञाने बाईला "वडिलांना हार्टचा त्रास होता का?" या प्रश्नाच्या जोडीने "बाळंतपणात बीपी, साखर वाढली होती का?" हेही विचारायला हवं. आपल्याकडे हे किती जण विचारतात?

गरोदरपण म्हणजे हृदयाची परीक्षाच असते. अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं, हृदयाला तेवढं जास्त पंप करावं लागतं. मोटार जुनी असेल तर उन्हाळ्यात, जास्त लोड आला की कुरकुरते, तसं. पुढे वीस वर्षांनी दिसणारा दोष या नऊ महिन्यांत एकदा डोकावून जातो.

काही जणींना तर वीस वर्षंही थांबावं लागत नाही. शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत हृदयाचा स्नायूच कमकुवत होण्याचा एक आजार असतो. दुर्मीळ आहे, पण आहे. उताणं झोपलं की धाप लागते, उशा वाढवाव्या लागतात, रात्री खोकला येतो. घरातले म्हणतात, बाळंतीण आहे, अशक्तपणा आलाय. तिथेही एक रक्ततपासणी आहे, बीएनपी. हृदयावर ताण आला की हा पदार्थ रक्तात वाढतो. तो वाढलेला दिसला की लगेच इको करतात. बाळंतिणीला बसल्या जागी धाप लागत असेल तर तिला टॉनिक देऊन गप्प बसवू नका.

महाराष्ट्राने एक काम खरोखर चांगलं केलं आहे. २०१८ ते २०२० च्या मोजणीत लाख बाळंतपणांमागे मातामृत्यू ३३ पर्यंत खाली आले होते. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. आशाताई, नर्सबाई, १०८ च्या गाड्या, सगळ्यांचं श्रेय. पण मातामृत्यूची मोजणी बाळंतपणानंतर ४२ दिवसांनी थांबते. त्रेचाळिसाव्या दिवसापासून ती बाई कोणत्याच वहीत नसते. टोमॅटोच्या वावरात जिच्या अंगावरून वारं गेलं, तिची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

आशाताई बाळंतपणानंतर सहा वेळा घरी येते. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा, बेचाळिसाव्या दिवशी शेवटची. ती बाळाचं वजन करते, ताप बघते, आईला रक्तस्राव, ताप विचारते. बीपीचं यंत्र मात्र प्रत्येक आशाताईच्या पिशवीत नसतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातच बीपी पुन्हा वर चढू शकतं, झटकेसुद्धा येऊ शकतात, आणि नेमकी तेव्हा बाई दवाखान्यातून घरी आलेली असते. आमच्या एका गटाने वर्गणी काढून बीपीचं डिजिटल यंत्र घेतलं. हप्ते गोळा करून झाले की ज्यांना गरोदरपणात बीपी होतं त्यांचं आधी मोजायचं, मग बाकीच्यांचं. पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, बोलायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड जातं! पहिल्याच महिन्यात दोघींचं १४०/९० च्या वर निघालं. एकीचं बाळंतपण नऊ वर्षांपूर्वीचं, एकीचं चार. दोघींना डॉक्टरांकडे पाठवलं, एकीला गोळी सुरू झाली. दुसरी अजून "बघू" म्हणते आहे.

मैत्रिणींनो, कपाटातलं ते माता बाल संरक्षण कार्ड काढा. मुलाचे डोस संपले म्हणून ते टाकून दिलेलं नसेल तर त्यात तुमच्या बीपीचे आकडे आहेत. १४०/९० किंवा त्याच्या वरचा आकडा दिसला तर कार्ड घेऊन डॉक्टरांना भेटा. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या आणि पुढे दरवर्षी निदान बीपी तरी मोजा. सरकारी दवाखान्यात तीस वर्षांवरच्यांची बीपी-साखर तपासणी मोफत असते, तिथे बाळंतपणातली ही गोष्ट आपणहून सांगा. कार्ड सापडत नसेल तर डिस्चार्जचा कागद शोधा. तोही नसेल तर आईला किंवा आत्याबाईंना विचारा की तेव्हा माझं मीठ बंद केलं होतं का, डाव्या कुशीवर झोपून राहायला सांगितलं होतं का, बाळ दिवसाआधी का काढलं? आकडे त्यांना आठवणार नाहीत, पण हे सगळं त्यांना तिथीवारासकट आठवत असतं.